बिस्किटांच्या डब्यातली सहाशे कात्रणं

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यातल्या एका घरी सासूबाईंना जाऊन वर्ष झालं. त्यांच्यामागे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, तीन कापडी पिशव्या आणि १९८३ सालची एक डायरी निघाली. सगळ्यात पाककृतींची कात्रणं. सूनबाईंचा अंदाज पाच-सहाशेचा. रविवारच्या पुरवण्या, 'स्त्री', 'माहेर', दिवाळी अंक, कालनिर्णयची पानं, कुकरबरोबर आलेली पुस्तिका, शेजारणीनं पोस्टकार्डावर लिहून दिलेलं काहीबाही. नवरा म्हणतो, एकही कागद टाकायचा नाही. नणंद म्हणते, मूळ कागद मला हवेत. सूनबाईंना हे सगळं वापरता यावं एवढंच हवंय. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात: हे लावायचं कसं, सगळं टाइप करायला घ्यायचं का, आणि अनारशांचं एक कात्रण 'पान ५ वर' असं म्हणून मध्येच संपतं, त्याचं काय करायचं.

मी सांगलीच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथालयात काढली. पहिली नऊ वर्षं माझ्याकडे कात्रणांचं टेबल होतं. रोज सकाळी सहा वर्तमानपत्रं, एक कात्री, खळीचं भांडं आणि विषयवार फायली. निवृत्तीनंतर आईचा डबा लावला, मग मावशीचा, मग ओळखीपाळखीतल्या सात-आठ घरांचे. पण आईचा डबा मी बिघडवला होता. तो कसा, ते आधी सांगते, कारण 'सगळं एका मापाचं कापून रजिस्टरात चिकटवावं म्हणते' असं सूनबाई, तुम्ही लिहिलंय आणि ते वाचून माझ्या पोटात गोळा आला.

आईच्या कागदांच्या कडा मळलेल्या, फाटलेल्या, तेलकट होत्या. मी पट्टी लावून त्या सरळ कापल्या. दोनशे पानी रजिस्टर आणलं. गोड, तिखट, न्याहारी, लोणची असे भाग पाडले आणि प्रत्येक भागात अक्षरांच्या क्रमानं कात्रणं खळीनं चिकटवली. कापडी पाठ, वर सोनेरी अक्षरं. आईनं चष्मा लावून रजिस्टर चाळलं, छान झालंय म्हणाली, आणि विचारलं, "पण यात विरघळलेली चकली कुठाय?"

चकलीच्या भाजणीची चार कात्रणं होती. तिला हवं होतं त्याच्या कडेला तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'मोहन निम्मं. सगळ्या विरघळल्या. ८७.' त्या दिवाळीला मोहन, म्हणजे पिठात घालायचं तेल, जास्त झालं होतं आणि कढईत सोडलेल्या चकलीचे वळसे सुटून तळाशी नुसता चुरा बसला होता. त्यानंतर ती तीच कृती निम्मं मोहन घालून वीस वर्षं करत होती. ती कडा मी कापून केराच्या टोपलीत टाकली होती. रजिस्टरातली चारही कात्रणं आता सारखीच स्वच्छ होती आणि त्यातली तिची कुठली, ते तिलाही सांगता येईना.

चकलीची कृती आज फोनवर अर्ध्या मिनिटात मिळते. तुमच्या सासूबाईंच्या कढईत, त्यांच्या गिरणीच्या पिठाशी, त्यांच्या वाटीनं ती कृती कशी वागली, हे मात्र त्या कडेवरच लिहिलेलं असतं. म्हणून पहिले पंधरा दिवस कात्री, डिंक, स्टेपलर कपाटात ठेवून द्या. टाकूही नका, चिकटवूही नका.

डायरीला तर आणखी जपून हात लावा. तिच्या पानांत जे खुपसलेलं आहे ते उगीच तिथं नसतं. एका घरी फेब्रुवारीच्या पानात तिळाच्या वड्या, कुरडया आणि बटाट्याचा कीस असं एकत्र निघालं. म्हणजे त्या बाईंनी तारखांच्या डायरीचंच वर्षाचं पंचांग करून ठेवलं होतं. कागद बाहेर काढण्याआधी त्या त्या पानाचा फोटो घ्या. नंतर कोण कुठल्या पानातलं, हे कुणालाही आठवत नाही.

आता वाटणी. गोड-तिखट अशी वाटणी करायचा मोह होईल, तो आवरा. पहिली वाटणी एकच: हे त्यांनी केलेलं आहे की नुसतंच कापलेलं? केलेला कागद ओळखू येतो. त्याला हळदीचं बोट लागलेलं असतं. घडीत पीठ असतं. वरच्या कोपऱ्यात भोक असतं, कारण करताना तो खिळ्याला टोचलेला होता. चार घड्या असतील तर पाकिटात घालून दुकानात नेलेला. कुणीतरी साखरेच्या आकड्याखाली रेघ मारलेली असते. माझ्या पाहण्यात शंभर कात्रणांत असे पंधरा-वीस निघतात, त्याहून जास्त क्वचितच. म्हणजे तुमचं खरं काम सहाशेचं नाही, शंभरेक कागदांचं आहे. हे कळलं की निम्मा शीण तिथंच उतरतो.

या वाटणीला एक दुपार नणंदबाईंना बोलवा. खरंच बोलवा. तुम्हाला डाग दिसेल, त्यांना तो पदार्थ आठवेल. मावशीच्या डब्याच्या वेळी तिचा मुलगा शेजारी बसला होता. मी एक 'नारळाची बर्फी' केलेल्या कागदांत टाकत होते तर म्हणाला, "अहो ही नाही, ही दरवर्षी बिघडायची, ती दुसरी." कागदावर याची एकही खूण नव्हती. अशी वाक्यं तिथल्या तिथं, तारखेसह, वेगळ्या चिठ्ठीवर लिहून त्या कागदाला जोडायची. मूळ कागदावर आपण काही लिहायचं नाही, आणि लिहावंच लागलं तर मऊ शिसपेन्सिलीनं.

दुसरा गठ्ठा, कापलं पण कधी केलं नाही असं. यात केक फार निघतात. ओव्हन नसलेल्या घरांत बायकांनी केकची तीस-तीस कात्रणं जपलेली मी पाहिली आहेत. कुकरमध्ये वाळू घालून, शिट्टी काढून करायचा केक, तव्यावरची नानकटाई, मग नव्वदीनंतर पिझ्झा, मंचुरियन, मायक्रोवेव्हमधला हलवा. या गठ्ठ्याला मी हसत नाही. त्या बाईंना काय करून बघायचं होतं, ते इथं दिसतं. यातली तुम्हाला करावीशी वाटतील ती पंचवीस-तीस निवडा.

उरलेला तिसरा गठ्ठा सगळ्यात मोठा. दर संक्रांतीला तोच तिळगूळ, दर श्रावणात तीच साबुदाण्याची खिचडी, पुरवणीनं दरवर्षी नव्यानं छापलेली. तुम्ही विचाराल, टाकू का? कागद म्हणून टाकायला हरकत नाही. पण तुमच्या यजमानांचं म्हणणं मोडू नका. हा सगळा गठ्ठा एका मोठ्या खाकी पाकिटात घाला, वर 'उरलेलं' आणि तारीख लिहा, दोरी बांधा, माळ्यावर ठेवा. आजवर हे पाकीट कुणी उघडल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि त्यावरून कुणाच्या घरी भांडण झाल्याचंही नाही.

लावण्याचा खरा प्रश्न यानंतर येतो, आणि इथंच बहुतेकांची गाडी अडते. ग्रंथालयात पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावायची ड्युईची पद्धत असते, तिच्यात स्वयंपाकाला ६४१.५ हा आकडा आहे. तुमचा जवळजवळ सगळा डबा त्या आकड्याच्या आसपासच जातो, म्हणजे त्याचा उपयोग शून्य. अक्षरक्रमाचा त्याहून कमी. संपादक मंडळी कुठल्याही पदार्थाला विशेषण लावल्याशिवाय सोडत नाहीत. 'खमंग कोथिंबीर वडी' ख मध्ये, 'झटपट ढोकळा' झ मध्ये, 'पौष्टिक थालीपीठ' प मध्ये. माझ्या त्या सोनेरी रजिस्टरात 'चटपटीत'चंच एक पान भरलं होतं. त्यात कुणी थालीपीठ लिहितं, कुणी थालिपीठ. रत्नागिरीच्या बाई घावन म्हणतात, कारवारकडच्या पोळो म्हणतात, आणि दोघींचं कात्रण एकाच डब्यात असतं.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा: वाचकाचा वेळ वाचवा. आपला वाचक कोण? सकाळी साडेनऊला, ओले हात पदराला पुसत, 'आज चतुर्थी आहे आणि दोघं जेवायला येणार आहेत' असं म्हणत उभी असलेली बाई. ती ख की झ, असं विचारत नाही. ती विचारते: उपासाला काय? घरात दुधी आहे त्याचं काय? मुलाला ताप आहे, पेजेशिवाय काय देऊ? कैऱ्या आल्या, लोणच्याचा तो कागद कुठे गेला? घर ज्या शब्दांत विचारतं, त्याच शब्दांत ते सापडलं पाहिजे.

अडचण अशी की एकच कागद तीन प्रश्नांना उत्तर देतो. साबुदाण्याच्या चकल्या उपासाच्या, साठवणीच्या आणि एप्रिल महिन्याच्याही. कागद एकाच जागी राहू शकतो, पण त्याची नोंद तीन जागी होऊ शकते. म्हणून आम्ही ग्रंथालयात जे करतो तेच करा. दाखल क्रमांक.

निवडलेल्या प्रत्येक कागदाला हाती येईल त्या क्रमानं आकडा द्या. ००१, ००२, ००३. सगळे तीन आकडी लिहा, का ते पुढं येईलच. कागद त्याच क्रमानं बॉक्स फाइलमध्ये जातात आणि पुन्हा कधीच हलत नाहीत. पुढच्या वर्षी आणखी वीस कागद मिळाले तर ते शेवटी लागतात, सगळं विस्कटून नव्यानं लावावं लागत नाही. लावालावी होते ती शंभर पानी वहीत. वहीत तुमच्या घरच्या प्रश्नांची पानं पाडायची, आणि साबुदाण्याच्या चकल्या तीन पानांवर लिहून प्रत्येकीपुढं ०४७ टाकायचं. विशेषण गाळून पदार्थाचं नाव आधी: 'कोथिंबीर वडी', मग स्वल्पविराम देऊन 'मुटके वाफवून, पोस्टकार्ड, शेजारच्या काकू'. ज्या नावानं तुमच्या घरात हाक मारतात तेच नाव, छापलेलं दुसरं असलं तरी.

वहीची पानं प्रत्येक घरी वेगळी पडतात, पण दोन गोष्टी सगळीकडे लागू होतात. उपासाचं पान वेगळंच हवं. न्याहारीच्या पानात दडलेले वऱ्याच्या तांदळाचे डोसे एकादशीला सकाळी सापडत नाहीत, आणि दुपारी सापडून उपयोग नसतो. दुसरं, साठवणीचं पान महिन्यांनी लावा. कुरडया, पापड, सांडगे उन्हं कडक असेपर्यंत. कैरीचं लोणचं मेमध्ये, फार तर पहिल्या पावसाआधी. भाजणी दिवाळीआधी पंधरा दिवस, कारण गिरणीत तेव्हा रांग असते. हे कागद पदार्थाच्या नावावर लावले तर दरवर्षी जूनमध्ये, कैऱ्या पिकल्यावर, आठवतात. बाळंतपणाचं आणि आजारपणाचं एक पान मी नेहमी करवून घेते, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मुगाचं कढण. ते पान वर्षांनुवर्षं लागत नाही, आणि लागतं तेव्हा शोधत बसायला कुणाला वेळ नसतो.

आता मापं. जुन्या कात्रणांत आणि विशेष करून हाती लिहिलेल्या कागदांत इथंच घोटाळे होतात.

पोस्टकार्डावर 'साखर १।। वाटी' असं दिसलं तर ते एकशे अकरा नाही, आणि एकही नाही. जुन्या पद्धतीत आकड्यानंतरची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। म्हणजे सव्वा, १।। म्हणजे दीड, १।।। म्हणजे पावणेदोन. नुसता अर्धा असेल तर ०।। असं लिहिलेलं दिसेल. आमच्या एका ओळखीच्या घरी नातीनं '१।।। चमचे मीठ' हे 'एक चमचा' वाचलं, पुढच्या रेघा पूर्णविरामाच्या समजली. आमटी अळणी झाली, एवढ्यावर भागलं. उलट दिशेनं चुकली असती तर आमटी ओतावी लागली असती. वहीच्या पहिल्या पानावर हे कोष्टक लिहाच, आणि त्याखाली पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे आकड्यांतही. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांना अडीच म्हणजे किती, ते विचारावं लागतं. त्यात त्यांचा दोष नाही.

शेर-तोळ्यातली कृती सापडली तर वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पावशेर २३३, अदपाव त्याच्या निम्मा, छटाक ५८ ग्रॅम. आज मंडईत आपण पावशेर म्हणतो तो २५० ग्रॅमचा. भाजीला त्या सतरा ग्रॅमनी काही बिघडत नाही, पण पाकाला आणि लोणच्याच्या मिठाला सगळी मापं एकाच पद्धतीनं बदला, निम्मी एका आणि निम्मी दुसऱ्या हिशेबानं नको. आणि धान्याच्या बाबतीत शेर हे भरून मोजायचं माप आहे, वजन नाही: चिपटं पाव शेराचं, मापटं अर्ध्या शेराचं, चार शेरांची पायली. कृतीत 'पायली' दिसली की ती एका घरासाठी लिहिलेली नाही, हेही लक्षात घ्या. गिरगावात का होईना, पाच जावांनी मिळून घातलेल्या पापडांची ती कृती आहे.

वाटीचं काय? कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'नं १९७०पासून वाटी-चमच्याचं माप घरोघरी पोचवलं. पण कात्रणातली वाटी कुणाची, हे कात्रण सांगत नाही. सासूबाई ज्या वाटीनं मोजायच्या ती वाटी शोधा. बहुतेक ती पिठाच्या किंवा तांदळाच्या डब्यातच असेल. काठोकाठ पाणी भरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, आधी रिकामी वाटी शून्यावर आणून. जितके ग्रॅम पाणी तितके मिलिलिटर. १५० आलं तर वहीवर लिहा, 'आईंची वाटी = १५० मिली'. हा एक आकडा हाती आला की हाती लिहिलेल्या सगळ्या कृती कुठल्याही भांड्यानं करता येतात. तुमचं कुणी परदेशात असेल आणि प्रत मागत असेल तर हा आकडा त्यांच्यासाठी फार मोलाचा. तिकडे अमेरिकेतला कप २४० मिलीचा. मोठा चमचा सहसा १५ मिलीचा, पण ऑस्ट्रेलियात २०चा. वाटी म्हणजे कप असं धरून रव्याचे लाडू केलेल्या एका भाचीचा फोन मला मेलबर्नहून आला होता. सगळीच मापं कपानं घेतली असती तर चाललं असतं. तिनं रवा-साखर कपानं घेतली आणि पाकाचं पाणी मात्र आईच्या वाटीनं. लाडू वळलेच नाहीत.

कागदाची काळजी थोडक्यात, कारण यात फार करण्यासारखं काही नसतं आणि लोक फार करतात. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडातलं एक द्रव्य, उजेडानं आणि हवेनं पिवळं पडतं, कागद आंबट होत जातो आणि घडीवर तुटतो. तुम्ही काहीही केलंत तरी हे थांबत नाही, हळू होतं एवढंच. अंधार आणि कोरडी जागा, बस. ठाण्याच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. स्टेपलच्या पिना आणि टाचण्या आधी काढा, जूनमध्ये त्या गंजतात आणि कागदाला तांबडं भोक पाडतात. फाटलं म्हणून सेलोटेप लावू नका. दहा वर्षांत टेप गळून पडते आणि तिचा पिवळा डाग अक्षरांवर कायमचा राहतो. लॅमिनेशनही नको. एकदा केलं की परत निघत नाही आणि मागची बाजू, कडेचं लिहिणं, सगळं त्या चकचकीत काचेत अडकतं. पारदर्शक पाकिटं घ्यायची तर वास घेऊन बघा: नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला तर ती नकोत, त्या प्लास्टिकला शाई चिकटते. बिनवासाची, जरा कुरकुरीत वाजणारी घ्या.

खळीनं चिकटवायचंच असेल असं तुम्ही म्हणाल, तर ऐका: ती खळ म्हणजे कणीकच, झुरळांना आणि कसरीला, म्हणजे कागद खाणाऱ्या किडीला, आयतं जेवण. बाइंडर लोक तिच्यात मोरचूद घालतात, म्हणून पुस्तकं टिकतात. पण मोरचूद विषारी, स्वयंपाकघरातल्या वहीत त्याचं काम नाही. जुन्या डब्यात कसर दिसली तर कागद प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आतला गारवा पूर्ण जाऊ द्या, नाहीतर कागदावर पाणी धरतं. नॅप्थॅलिनच्या गोळ्या कपड्यांत ठीक. लाडवाच्या कृतीला तो वास लागला की लाडवालाही लागल्यासारखा वाटतो.

कालनिर्णयच्या पानांबद्दल मुद्दाम लिहिते. १९७३पासून निघणाऱ्या या कॅलेंडरची पानं किती घरांत पाठीमागच्या पाककृतीसाठी जपलेली असतात, आणि ती चिकटवली की पुढची बाजू गेली. पुढच्या बाजूला काय असतं? महिन्याचे चौकोन, आणि चौकोनात 'दूध अर्धा लिटर जास्त', 'गॅस लावला', 'बाई नाही', 'बंड्याला ताप'. एका घरी शंकरपाळ्यांच्या कृतीमागं नोव्हेंबर महिना निघाला आणि त्यात एका चौकोनात फक्त 'आले' एवढाच शब्द. कोण आलं, ते त्या घरातल्या सगळ्यांना बघताक्षणी कळलं. मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कात्रणांच्या मागच्या बाजूनं तारीखही लागते. कृतीवर साल नसतं, पण मागं सोन्याचा भाव किंवा निवडणुकीची बातमी असते.

म्हणून टाइप करण्याच्या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: आधी फोटो, दोन्ही बाजूंचे, सगळ्या निवडलेल्या कागदांचे. खिडकीजवळ, दिवसाउजेडी, फ्लॅश बंद ठेवून, कागदाच्या नेमकं वर फोन धरून. फाइलला नाव ०४७-क पुढच्या बाजूचं, ०४७-ख मागच्या. तीन आकडी यासाठी की नुसतं ७ लिहिलंत तर बऱ्याच ठिकाणी ते ६०च्या नंतर जाऊन बसतं. टाइप करा फक्त केलेल्या कृती, त्याही घाईनं नाही, ज्या दिवशी तो पदार्थ कराल त्या दिवशी. फोनवरच्या गूगल लेन्सनं छापील मजकूर उचलता येतो, पण अस्पष्ट छपाईत तो १ आणि ९ मध्ये गफलत करतो आणि अपूर्णांक गाळतो. '९ चमचे खायचा सोडा' असा केक कुणाकडे व्हायला नको. आकडे मूळ कागदावरून डोळ्यांनी ताडा. हस्ताक्षर त्याला नीट वाचता येईलच असं नाही. तिथं तुम्ही मोठ्यानं वाचा आणि मराठी व्हॉइस टायपिंगला लिहू द्या. घरच्यांना पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पेन्सिलीची अक्षरं पुसट होतात. स्वयंपाकघरात मात्र मूळ कागद कधीच न्यायचा नाही. तिथं झेरॉक्स. तिच्यावर तेल सांडू दे, तुम्ही तिच्या कडेला लिहा. त्या कडाही पुढं कुणालातरी लागणार आहेत.

नणंदबाईंना मूळ कागद नाकारू नका. फोटो झाले की दोघी समोरासमोर बसा आणि आळीपाळीनं एकेक उचला, आधी त्यांनी. छापील कागदांसाठी कुणी हट्ट धरत नाही, हस्ताक्षराच्या सात-आठ कागदांचाच प्रश्न असतो. जो कागद दुसरीकडे जाईल त्याच्या जागी फाइलमध्ये रंगीत झेरॉक्स लावून मागं लिहा, 'मूळ ताईंकडे'. क्रमांक तोच राहतो.

राहिलं अनारशांचं अर्धं कात्रण. तुम्ही लिहिलंय की तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, सावलीत फडक्यावर पसरण्यापर्यंत ते येतं आणि तिथं संपतं. त्या पुरवणीतला पुढचा भाग तुम्हाला मिळायचा नाही. मी करते तसं सांगते. तांदूळ हाताला दमट लागतात तोवरच कुटायचे किंवा मिक्सरला काढायचे, खडखडीत वाळू द्यायचे नाहीत. बारीक चाळणीनं चाळून पीठ तोला. पिठाच्या पाऊणपट ते बरोबरीनं किसलेला गूळ, चमचाभर तूप, सगळं मळून गोळे करून डब्यात चार-पाच दिवस. मग खसखशीवर थापायचे, खसखस वर ठेवून मंद तुपात सोडायचे, उलटायचे नाहीत, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं. आधी एकच सोडून बघा. तुपात पसरून जाळी फाटली तर म्हणतात अनारसा हसला. जो हसतो त्याच्या पिठात गूळ जास्त झालेला असतो. म्हणून मळायच्या आधीच वाटीभर पीठ गुळाशिवाय बाजूला काढून ठेवायचं आणि हसला तर थोडंथोडं तेच मिसळायचं. उलट घट्ट राहिला, जाळी पडलीच नाही, तर पिकलेलं केळं अगदी थोडं कुस्करून घालायचं.

हे वेगळ्या कागदावर लिहून त्या कात्रणामागं जोडा, आणि वर तारीख घालून लिहा, 'पुढचा भाग दुसऱ्या हाताचा, सांगली'. सासूबाई कसे करायच्या ते नणंदबाईंना आठवत असेल तर त्याचा तिसरा कागद.